पिस्तूल घ्यायचंय? आधी काडतुसांचा हिशेब मांडा

"अमुक कंपनीचं पिस्तूल चांगलं की तमुक?" शस्त्र परवाना हातात पडला की पहिला प्रश्न हाच येतो आणि उत्तरासाठी माणूस मोबाइल उघडतो. तिथले अमेरिकेतले व्हिडिओ सांगतात की पिस्तूल घ्या, पाचशे राउंड मारा, एकही अडकला नाही तर खुशाल कमरेला लावा. सल्ला त्यांच्या जागी बरोबर आहे. आपल्याकडे मात्र वर्षाला किती काडतुसं घेता येतील याचा आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो. ती दुकानात असतीलच असं नाही आणि असली तर स्वस्त नसतात. पाचशे राउंडची परीक्षा घ्यायची म्हटलं तर काही वर्षांचा कोटा त्यातच उडेल.

त्यामुळे आपला निकष वेगळा. थोड्या काडतुसांत आणि बऱ्याचशा कोरड्या, म्हणजे गोळी न झाडता केलेल्या, तपासणीत ज्याचे दोष उघडे पडतात, आणि ज्याचं काडतूस, मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची काडतुसांची पेटी), स्प्रिंग पुढेही इथेच मिळत राहील, ते हत्यार विश्वासाचं. कंपनीचं नाव त्यानंतर. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

कशासाठी हवंय, ते एका वाक्यात लिहा

खरंच कागदावर लिहा. परवान्याच्या अर्जात कारण द्यावंच लागतं, पण त्याआधी स्वतःला द्यायचं उत्तर जास्त महत्त्वाचं. नाशिकमध्ये विचारणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात. लासलगाव-पिंपळगावकडे रोकड घेऊन फिरणारे व्यापारी किंवा सराफ बाजारातले पेढीवाले, त्यांना स्वसंरक्षणासाठी हवं असतं. पोलीस किंवा निवृत्त फौजी, त्यांचा संबंध ड्युटीशी. आणि तिसरे म्हणजे मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकवायची आहे असे पालक.

चौथा प्रकार निफाड-दिंडोरीकडून येतो: उसात बिबट्या आहे, पिस्तूल घेऊ का? नको. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि स्वसंरक्षणाचा परवाना म्हणजे त्याच्यावर गोळी झाडायची मुभा नव्हे. शिवाय अंधारात, उसात, धावत्या जनावरावर बत्तीस बोअरची (०.३२ इंचाची) गोळी लागणं अवघड, आणि लागून जखमी झालेला बिबट्या आधीपेक्षा धोकादायक. तिथे वनविभागाचा १९२६ हा नंबर, रात्रीच्या पाण्याच्या पाळीला सोबत आणि चांगली बॅटरी हेच कामाचं.

पोरांसाठी असेल तर परवान्याच्या वाटेला जाऊच नका

हे आधी उरकतो, कारण इथे उत्तर सोपं आहे: दहा मीटरचं एअर पिस्तूल. ४.५ मिमी म्हणजे ०.१७७ बोअर आणि २० जूलच्या आतली ऊर्जा असलेल्या एअर वेपनला परवाना लागत नाही, दुकानात ओळखपत्र दाखवून घेता येतं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा जूलच असते. तरीही ते खेळणं नाही. डोळा जायला तेवढी ऊर्जा पुरते.

नाशिकला या खेळाची परंपरा आहे. भीष्मराज बाम यांनी इथे राहून कितीतरी नेमबाजांची मनाची बाजू घडवली, मोनाली गोऱ्हे यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी पिस्तूल नेमबाज तयार केले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे इथल्याच क्रीडा प्रबोधिनीत शिकला. बाम आणि गोऱ्हे आज नाहीत, पण गावात विचारायला जाणकार माणसं आहेत. त्यांच्याकडे आधी जा, खरेदी नंतर करा. पहिले काही महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव झाला की मुठीचा आकार कळतो आणि पोराला खेळ मनापासून आवडतोय की नाही तेही कळतं. दुसरी गोष्ट पालकांच्या खिशासाठी जास्त मोलाची.

स्पर्धेच्या नियमांत १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपर्यंत आणि चाप किमान ५०० ग्रॅमचा लागतो. स्टेयर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी, फाइनवर्कबाउ ही नावं जगभरच्या रेंजवर दिसतात आणि यांतलं कुठलंही घेतलंत तरी फसवणूक नाही. फरक पडतो तो मुठीने. मूठ लहान, मध्यम, मोठी अशी येते, आणि वाढत्या वयाच्या मुलाला ती बदलावी लागते. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि त्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात. जुनं पिस्तूल स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना आधी ती तारीख वाचा, कारण नवा सिलिंडर स्वस्त नाही. इलेक्ट्रॉनिक चापाचं घेणार असाल तर दुरुस्ती कोण करणार हेही विचारून ठेवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मधेच बिघाड झाला आणि मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली. तिच्याजवळ निदान सगळा संघ होता. नाशिकहून जिल्हा-राज्य स्पर्धेला जाणाऱ्या पोराजवळ हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांचं (ओ-रिंग) एक पाकीट आणि प्रशिक्षकाचा मोबाइल नंबर असतो.

२५ मीटरसाठी लागणारं ०.२२ पिस्तूल मात्र परवान्याचं. तो टप्पा आला की क्लब आणि संघटनाच रस्ता दाखवतात.

ड्युटीचं हत्यार निवडायचं नसतं

पोलीस दलात पिस्तूल कोतातून म्हणजे शस्त्रागारातून मिळतं, आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. वर्षानुवर्षं चाललेलं इशापूरचं ९ मिमी ऑटो १ए हे ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीवरचं, तेरा राउंडच्या मॅगझिनचं पिस्तूल आहे. जिथे निवड करता येते ती मॅगझिनची. मिळालेल्या मॅगझिनवर खूण करून ठेवा, कुठलं अडकवतं ते लक्षात ठेवा आणि ते आर्मररकडे (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याकडे) लेखी नोंदवून परत करा. तोंडी सांगितलेलं मॅगझिन पुढच्या पाळीला दुसऱ्याच्या कमरेला जातं.

खाजगी सुरक्षेत काम करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: परवाना व्यक्तीचा आणि त्यावर लिहिलेल्या कारणापुरता असतो. स्वतःच्या रक्षणासाठी मिळालेल्या हत्यारावर पगारी पहारा करता येतो असं गृहीत धरू नका. ज्या कार्यालयाने परवाना दिला तिथे लेखी विचारा.

कागद काय म्हणतो ते बोअरच्या आधी

नाशिक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जाचा नमुना ए-१, सोबत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मग पोलीस चौकशी. वय किमान २१. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदीतला एक क्रमांक मिळतो, तो नसेल तर परवाना ग्राह्य धरत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. हा दोनचा आकडा निवडीवर थेट परिणाम करतो. घरात आजोबांची बारा बोअर तुमच्या नावावर आलेली असेल तर तुमच्या हातात एकच जागा उरली आहे. ती हौसेखातर वाया घालवू नका.

आता बोअर. फौजेचं ९ मिमी आणि ०.४५ रिमलेस (कड बाहेर न आलेलं) काडतूस चालवणारी पिस्तुलं सामान्य नागरिकाच्या परवान्यात बसत नाहीत. त्यामुळे ग्लॉक की सिग ही चर्चा आपल्या दृष्टीने चहाच्या टपरीपुरतीच. व्यवहारात नाशिककराच्या हातात येतं ते बत्तीस बोअर, फार तर ०.२२ चं हलकं रिव्हॉल्व्हर. गावठी कट्ट्याबद्दल एका ओळीपेक्षा जास्त लिहायची गरज नाही: त्याची नळी कशाची आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि तो नुसता जवळ सापडला तरी तुरुंग आहे.

'बत्तीस' दोन आहेत

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे ७.६५ मिमी ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंगने ते १८९९ च्या सुमारास आणलं. काडतूस आखूड, त्याची मागची कड खोळीपेक्षा (पितळी नळकांड्यापेक्षा) किंचितच बाहेर आलेली. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस म्हणजे ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते लांब, आणि त्याची कड चांगली रुंद, कारण त्या कडेवरच ते चक्रीत (काडतुसांची घरं असलेल्या फिरत्या भागात) टेकून राहतं. दुकानात दोन्हींना 'बत्तीस'च म्हणतात. काडतुसं घेताना हत्यार कुठलं ते सांगा आणि डबीवरचं पूर्ण नाव वाचा. एकाचं दुसऱ्यात घुसतंय म्हणून कधी चालवू नका.

ताकद दोन्हींची जवळपास सारखी, साधारण पावणेदोनशे जूल. ९ मिमीच्या तुलनेत तिसरा हिस्सा. ही गोळी कमजोर आहे आणि ती जिथे लागायला हवी तिथेच लागली पाहिजे. म्हणून अचूक मारता येईल असं हत्यार घेणं हे मोठ्या आवाजाचं हत्यार घेण्यापेक्षा शहाणपणाचं.

आता पिस्तुलाच्या बत्तीसची खोड. कड किंचित बाहेर असल्यामुळे मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकू शकते. याला रिमलॉक म्हणतात. असं झालं की स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) कितीही ओढा, वरचं काडतूस पुढे सरकत नाही, आणि हा जॅम झटका देऊन सुटत नाही, मॅगझिन काढूनच सोडवावा लागतो. उपाय भरतानाच करायचा. प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली आहे ना हे बघत भरा, भरलेलं मॅगझिन खिशात सुटं खुळखुळत ठेवू नका आणि ज्या लांबीच्या गोळीसाठी पिस्तूल बनलं आहे तीच वापरा. आखूड, पोकळ टोकाच्या गोळीला मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला जास्त जागा मिळते, म्हणून तिथे हा त्रास अधिक. पूर्ण तांब्याचं आवरण असलेली साधी ७१ ग्रेनची गोळी इथे जास्त भरवशाची.

देशी काडतुसांवर मागे 'केएफ' असा शिक्का दिसतो, म्हणजे खडकीचा कारखाना. मिळण्याच्या दृष्टीने तीच आपली खरी काडतुसं. पिस्तूल घेताना ते केएफवर चालतं का हाच प्रश्न विचारा. परदेशी काडतुसावर लोण्यासारखं चालणारं आणि खडकीच्या काडतुसावर अडखळणारं हत्यार तुमच्या कामाचं नाही.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर

माझं मत सरळ आहे. ज्याला महिन्यातून एकदाही रेंजवर जायला जमणार नाही त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं. मिसफायर झाला, म्हणजे काडतूस फुटलं नाही, तर पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं. मॅगझिन नाही, रिमलॉक नाही, स्प्रिंग महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली नाही. आणि मुख्य म्हणजे न झाडता त्याची बरीचशी तपासणी होते, जी आपल्या कोट्याच्या हिशेबात फार मोठी गोष्ट आहे.

त्याचा तोटाही ऐका. घोडा (चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारा मागचा भाग) न चढवता ओढायचा तर आपल्या देशी रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, आणि जड चापाने नेम खाली-डावीकडे ओढला जातो. सराव नसेल तर पाच मीटरवरही गोळी भलतीकडे जाते. त्यामुळे दुकानात घोडा चढवून हलका चाप बघून खूश होऊ नका. दहा वेळा न चढवता ओढून बघा, बोट थरथरतं का ते पाहा.

देशी पर्यायांत कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं जुनं ०.३२ रिव्हॉल्व्हर सर्वांत जास्त दिसतं. ते वेब्ली घडणीचं, वरून दुमडून उघडणारं. त्याच घराण्यातलं 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचं. हलकं म्हणून पर्समध्ये बरं, पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं हेही लक्षात ठेवा. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' बाजूला उघडणाऱ्या चक्रीचं आहे. बाजूला उघडणाऱ्या चक्रीत दुमडणाऱ्या घडणीची बिजागरी नसते, म्हणून नवं घेणाऱ्याने आधी ते हातात घेऊन बघावं असं मी सांगेन. उत्तर प्रदेशात संडीलाला बनणारी वेब्ली अँड स्कॉटची रिव्हॉल्व्हरही बाजारात आहेत. पिस्तुलात इशापूरचं 'अशनी' हे ब्लोबॅक पद्धतीचं (खोळीच्या मागे येणाऱ्या धक्क्यानेच स्लाइड उघडणारं), साध्या रचनेचं हत्यार. ते चपटं असल्यामुळे सदऱ्याखाली सहज लपतं, हा त्याचा मोठा गुण. एकाच्या हाती आलेला नग गुळगुळीत आणि दुसऱ्याच्या हाती आलेला खरखरीत, हे देशी हत्यारांत चालतं, त्यामुळे मॉडेलपेक्षा नग निवडा.

जुनं परदेशी घेण्याचा मोह सराफ मंडळींना फार. ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला हँडगन आयात करता येत नाही, म्हणून आधी देशात आलेली वाल्थर पीपी वगैरे हातोहात फिरत लाखोंच्या किमतीला गेली आहेत. पीपीची घडण १९२९ सालची, आजही सुंदर. पण तुमच्या हातात येणारा नग साठ-सत्तर वर्षांचा, त्याच्यासोबत एकच जुनं मॅगझिन, आणि ते बिघडलं की दुसरं मिळत नाही. ती मिरवायची वस्तू आहे. खरा प्रसंग ओढवण्याची भीती असेल तर त्या पैशात नवं देशी घ्या आणि उरलेल्यात तिजोरी घ्या.

दुकानात काय बघायचं

परवानाधारक दुकानदाराला आधी सांगा की तपासायला अर्धा तास लागेल. जो कंटाळतो त्याच्याकडून घेऊ नका. हत्यार हातात येताच मॅगझिन काढा किंवा चक्री उघडा, घरं डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. दुकानदाराने आत्ताच दाखवलं असलं तरी पुन्हा. नळीचं तोंड कायम अशा दिशेला जिथे कोणी नाही, आणि बोट चापाबाहेर.

रिव्हॉल्व्हर असेल तर चाप पूर्ण ओढून दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने चक्री हलवून बघा. अगदी किंचित हालचाल चालते, पण टकटक आवाज करत फिरत असेल तर घर नळीसमोर नेमकं येणार नाही, गोळीचे कपचे बाजूला उडतील. हे सगळ्या घरांसाठी करा, एकाच घरात दोष असू शकतो. मग चक्री पुढे-मागे ढकलून बघा. दुमडणारं असेल तर वरची कडी लावून नळी आणि मूठ विरुद्ध दिशांना हळू पिळा, बिजागरीत खेळ जाणवता कामा नये. नळीतून उजेडाकडे बघा: आटे (आतल्या पिळदार खाचा) स्वच्छ दिसले पाहिजेत, काळे डाग म्हणजे गंज खाल्लेला, आणि मधेच कडीसारखी गडद सावली दिसली तर नळी कधीतरी फुगली आहे. असं हत्यार फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पिस्तुलात मॅगझिनपासून सुरुवात करा. वरचे दोन ओठ सारखे आणि समांतर आहेत का, आत तळाची पट्टी न अडखळता वर-खाली होते का. बटण दाबलं की रिकामं मॅगझिन आपल्या वजनाने सुटतं की ओढावं लागतं. दोन मॅगझिन मिळत नसतील तर ते पिस्तूल घेऊ नका, कारण पिस्तूल अडकतं त्यातल्या बऱ्याच वेळा दोष मॅगझिनचा असतो, आणि दुसरं असल्याशिवाय दोष कुणाचा हे कळत नाही. स्लाइड ओढा, हळू पुढे सोडा, ती मधे कुठे रेंगाळते का बघा. स्लाइड थोडीशी मागे धरून चाप ओढा, घोडा पडायला नको. सेफ्टी लावून चाप ओढा, मग सेफ्टी काढा, तेवढ्यानेही काही पडायला नको. मग डमी राउंड (दारू नसलेलं नकली काडतूस) भरून हाताने स्लाइड ओढून ते बाहेर फेकलं जातं का पाहा. डमी दुकानात नसतील तर मागवून ठेवा, स्वतःसाठीही लागणारच आहेत.

आर्मरर लोकांची एक जुनी युक्ती आहे, काडतूस न घालवता फायरिंग पिनचा (काडतुसाच्या मागच्या टोपीवर आदळणाऱ्या सुईचा) जोर कळण्याची. हत्यार रिकामं असल्याची खात्री करून नळी सरळ वर धरायची, मागच्या बाजूला खोडरबर असलेली लाकडी पेन्सिल रबर खाली करून नळीत सोडायची आणि चाप ओढायचा. पेन्सिल चांगली उसळून बाहेर आली तर पिन जोरात आदळतेय. जेमतेम हलली तर स्प्रिंग मेलेली, पिन घासलेली किंवा भोकात वर्षांचं तेल गोठलेलं. नळीवर वाकून बघू नका, पेन्सिल खरोखर उडते.

वापरलेलं घेताना हत्याराचा नंबर, विकणाऱ्याचा परवाना आणि त्यावरची नोंद तिन्ही जुळवा. नंबर घासलेला, पुन्हा कोरल्यासारखा दिसला तर तिथूनच परत फिरा.

पन्नास राउंडमध्ये परीक्षा

परवानगी असलेल्या रेंजवरच. शेताच्या बांधावर, नदीकाठी, दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात नाही. लग्नात हवेत झाडणाऱ्यांसाठी २०१९ पासून वेगळी तरतूद आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मॅगझिनवर १ आणि २ अशा खुणा करा आणि वही ठेवा. पहिले दहा राउंड सावकाश, दोन्ही हातांनी, सातच्या आसपास मीटरवर, नुसतं हत्यार समजून घेण्यासाठी. त्यानंतर दोन्ही मॅगझिन पूर्ण भरून, कारण पूर्ण भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंगवर जो ताण असतो तोच खऱ्या वेळी असणार. मग एका हाताने, थोडी सैल पकड ठेवून. घाबरलेल्या माणसाची पकड पुस्तकातल्यासारखी नसते, आणि काही पिस्तुलं ढिल्या मनगटात खोळ पूर्ण फेकत नाहीत. शेवटचे दहा वेगळ्या दिवशी, साफ न करता. अडकलं तर वहीत तीनच गोष्टी लिहा: कुठलं मॅगझिन, कितवा राउंड, काडतूस कसं अडकलं. दोष एकाच मॅगझिनमागे फिरत असेल तर मॅगझिन बदला. दोन्हींत असेल तर पिस्तूल कारखान्याकडे. पन्नासात एकदा अडकलं तरी नव्याने पन्नास. कोटा परवडत नसेल तर रिव्हॉल्व्हरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

चाप ओढून नुसता खट्ट आवाज आला तर हत्यार समोरच धरून निदान तीस सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. आणि एखादा बार नेहमीपेक्षा मऊ, फुसका वाटला तर पुढचा झाडू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. रिकामं करून नळीतून उजेड दिसतो का बघा. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या काडतुसांत हे दोन्ही प्रकार होतात, म्हणून जवळ बाळगायच्या काडतुसांची डबी ताजी ठेवा आणि जुनी सरावात संपवा.

बाकीचा सराव कोरडा. डमी राउंड घालून, भिंतीकडे नळी करून, खोलीत एकही खरं काडतूस नाही हे तपासून, रोज दहा मिनिटं. आणि खरं सांगायचं तर चाप सांभाळणं शिकायला दहा मीटरच्या एअर पिस्तुलासारखा दुसरा गुरू नाही. छर्ऱ्याची डबी कोट्यात मोजली जात नाही.

कमरेला, कपाटात आणि ठाण्यात

सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे, असं २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. नुसतं पँटमध्ये खोचणं म्हणजे चापाशी कापड आणि नशीब यांचा खेळ. होल्स्टर असं घ्या की चाप संपूर्ण झाकला जाईल आणि हत्यार काढल्यावर त्याचं तोंड मिटणार नाही. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायची पद्धत अजूनही पाळा. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून द्वारका सर्कलला चहा प्यायला उतरणारे लोक आहेत. ते हत्यार त्या वेळी कुणाचंही असतं.

नाशिकच्या हवेत चामड्याचं होल्स्टर जून ते सप्टेंबर हत्याराचा शत्रू. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला राहत असाल तर आणखीच. चामडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो. घरी आलात की हत्यार होल्स्टरमधून काढा, पुसा, तेलाचा पातळ थर द्या. एप्रिल-मेमध्ये घामाचं तेच. द्राक्षबागेत फवारणी चालू असताना फिरून आलात तर धूळ आणि फवाऱ्याचे कण स्लाइडच्या खाचेत बसतात, तिथे ब्रश फिरवा. पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदी फौजी माणसाला सांगावी लागत नाही, बाकीच्यांनी आर्मररकडून एकदा बघून घ्यावी. तेल भरमसाट घालू नका, विशेषतः फायरिंग पिनच्या भोकात. तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं की ते फुटतच नाही.

घरात कुलपाची पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली देवघरात नाही. पोरांना देवघरातली प्रत्येक वस्तू माहीत असते.

शहरात पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरण्यावर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतं. सण, मोर्चे, आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ येईल तसे हे आदेश वाचत राहावे लागतील. परवाना आहे म्हणून आदेश आपल्याला लागू नाही असं समजू नका, ठाण्यात विचारा. निवडणुकीत हत्यार जमा करायला सांगितलं तर ते रिकामं, साफ आणि तेल देऊन जमा करा. पावतीवर हत्याराचा नंबर, मॅगझिन किती आणि काडतुसं किती हे लिहून घ्या. परत मिळालं की थेट कमरेला लावू नका: नळीतून उजेड बघा, दोन्ही मॅगझिन आपलीच आहेत का ते खुणांवरून ताडून पाहा, पेन्सिलची परीक्षा पुन्हा करा आणि पुढच्या रेंजच्या दिवशी प्रत्येक मॅगझिनमधून निदान एक फेरी झाडून मगच जुन्या वहीत त्या तारखेची ओळ लिहा.